तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

शेवटचा घास मंजूषानं मुद्दाम ठेवला होता. म्हणजे उरला नव्हता, टाकला नव्हता, ठेवला होता, यात फरक असतो की नाही? ताटलीच्या कडेला चमचाभर भात, त्यावर ते खोबऱ्याचं आणि शेंगदाण्याचं परतलेलं कोरडं काहीतरी, ज्याला इथे सेरुंडेंग म्हणतात आणि जे जिभेवर पडलं की माणूस थेट कराडच्या स्वयंपाकघरात खोबऱ्याच्या चटणीच्या बरणीपाशी जाऊन उभा राहतो, आणि शेजारी टेंपेचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचा, एक कुरकुरीत तुकडा. सगळ्यात चांगलं ते शेवटी, ही लहानपणापासूनची सवय. तेवढ्यात ती उंच वेट्रेस आली, भाताचं भांडं घेऊन वाकली, आणखी थोडा वाढू का म्हणाली, आणि मंजूषा हसून म्हणाली, "नो नो, थँक यू." झालं! बाईनं एका हातानं भांडं मागे घेतलं, दुसऱ्या हातानं मंजूषाची ताटली उचलली, घासासकट, छान होतं ना असं गोड विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत निघूनसुद्धा गेली. टेबलावर ताटलीच्या जागी नुसता गोल राहिला, वाफेनं ओलसर झालेला, आणि मंजूषा त्या गोलाकडे बघत बसली.

"अगं, तुझं व्हायचं होतं ना?" शलाका म्हणाली.

"झालंच होतं."

"काय झालं होतं! घास होता त्यात. बोलाव तिला परत."

"राहू दे गं."

विनयनं तिच्याकडे बघितलं, "हवं होतं का?" असं विचारलं, ती "नाही रे" म्हणाली, आणि तो पुन्हा यतीनशी बोलायला लागला. एवढंच. यात वाईट वाटण्यासारखं काय आहे, कोणीही म्हणेल. पण जिना उतरताना एक पायरी जास्त आहे असं वाटून पाय जमिनीवर आपटतो ना, तसं मंजूषाला झालं. आणि ते घासाचं नव्हतंच. गेल्या आठवड्यात तिनं अशीच एक गोष्ट कडेला सरकवून ठेवली होती आणि ती अशीच उचलली गेली होती, आणि ते तिनं अजून कोणालाच सांगितलं नव्हतं, विनयलाही नाही.

हे शनिवारचं जेवण म्हणजे यतीनचं डोकं. यतीन आणि विनय एकाच कंपनीत, दोघं रोज हार्लेमहून ॲमस्टरडॅमला जाणारे, आणि यतीनची बायको शलाका तिकडेच एका बँकेत. दीड वर्षापूर्वी, म्हणजे दोन हजार चारच्या शेवटी मंजूषा इथे आली, त्यानंतर लगेचच यतीननं जाहीर केलं होतं की महिन्यातला एक शनिवार, एक देश. भारत बाद. "पनीर खायला विमानात बसलो का आपण?" असं तो म्हणाला होता. मग ग्रीस झालं, थायलंड झालं, लेबनॉन झालं, अर्जेंटिनाही झालं, जिथे तीन शाकाहारी माणसांनी मुकाट्यानं भाजलेले बटाटे खाल्ले आणि यतीन एकटा चवीनं मांस खात म्हणत होता, "वातावरण बघा ना, वातावरण!" आज इंडोनेशिया. पण मंजूषाच्या हिशेबात पहिला देश यतीनच्या आधीचा होता. ती आली त्या संध्याकाळी विनय तिला विमानतळावरून हार्लेम स्टेशनला घेऊन आला, घरात काही नव्हतं, बाहेर अंधार आणि अंगात घुसणारा वारा, आणि त्यानं कोपऱ्यावरच्या दुकानातून बिनमांसाचे दोन तुर्की पिझ्झे आणले, कागदात गुंडाळलेले, पातळ, आपल्या पोळीसारखे लवचिक. दोघं स्टेशनच्या बाकावर बसले. तिनं अर्धा खाल्ला आणि म्हणाली, पुरे. तो म्हणाला, खा गं. नको रे. अगं, दिवसभर विमानातलं खाल्लंयस, खा. नको, खरंच. आणि मग त्यानं उरलेला अर्धा तिच्या हातातून घेऊन तिच्या तोंडासमोर धरला आणि ती हसत हसत तो सगळा खाऊन गेली, इतकी भूक लागली होती तिला! बाकापलीकडे एक म्हातारा डच माणूस सायकल धरून उभा होता, तो डोळे विस्फारून बघत होता, की ही बाई नाही म्हणतेय आणि हा माणूस तिला कोंबतोय.

आता तो विनय चहा टाकताना विचारतो, "घेणार?" ती म्हणते, "नको." आणि तो एक कप चहा करतो! एकच कप. पहिल्यांदा असं झालं तेव्हा ती ओट्यापाशी उभी राहून बघतच राहिली होती, की हा थट्टा करतोय. तो मजेत चहा घेऊन खिडकीशी जाऊन बसला. त्याचं काय चुकलं? तिनं नको म्हटलं होतं. ऑफिसात दिवसभर जी माणसं हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही असं बोलतात त्यांच्यात राहून राहून त्याचेही कान तसे झाले होते, आणि मंजूषाचे झाले नव्हते, बस. तिला वाटायचं, हळूहळू होतील. पण खरं सांगायचं तर व्हावेत असं तिला वाटतच नव्हतं.

कारण तिचे बाबा. कराडमध्ये कोणाच्याही घरी कार्य असो, शिरीषराव पंगतीत वाढायला हवेतच. नोकरी साधी, टपाल खात्यात, पण धोतर नेसून हातात जिलबीचं ताट घेतलं की माणूस वेगळाच व्हायचा. पाहुण्यानं पानावर हात आडवा धरला की बाबा थांबायचे, वाकायचे, त्याच्या डोळ्यात बघायचे. आणि त्यांना कळायचं. हा नको नुसता रिवाजाचा, हा नको म्हणजे अर्धी चालेल, आणि हा नको म्हणजे खरंच पोटात जागा नाही, याला सोडा. "नको तीन प्रकारचे असतात," ते घरी येऊन सांगायचे, घाम पुसत, "आणि वाढप्याला ते ओळखता आले पाहिजेत, नाहीतर त्यानं ताट खाली ठेवावं." लहानपणी मंजूषा पंगतीत बसून टक लावून बघायची, आता हे काका नको म्हणतायत, आता बाबा वाकतील, आता हात बाजूला होईल. आणि हात बाजूला व्हायचा! दर वेळी तिला गंमत वाटायची, कोणीतरी लपलंय आणि कोणीतरी त्याला शोधून काढलंय अशी. आईचंही तेच, जरा वेगळ्या बाजूनं. कोणाकडे गेलं की पहिल्यांदा हो म्हणायचं नाही. हावरट म्हणतात. दुसऱ्यांदा विचारलं तर नुसतं हसायचं. तिसऱ्यांदा विचारलं तर मग घ्यायचं, आणि तेही थोडंसंच. मंजूषानं अशीच सगळी बिस्किटं खाल्ली, अशीच पुण्यात मैत्रिणींच्या खोल्यांवर राहिली, आणि लग्नाचंही असंच. विनय इकडून फोन करायचा, कॉलिंग कार्डवरचे पैसे संपत आल्याचं सांगणारी ती रेकॉर्डमधली बाई मध्येच बोलायची, आणि तो विचारायचा, "येशील ना इकडे? आवडेल तुला?" ती म्हणाली, बघू. पुढच्या फोनला परत. ती म्हणाली, आईबाबा काय म्हणतात बघते. आणि तिसऱ्यांदा त्यानं विचारलं तेव्हा ती पटकन, जवळजवळ त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत, हो म्हणाली. त्या हो मध्ये तिला असं हलकं वाटलं होतं! आपण मागितलं नाही, आपल्याला मागितलं.

"ए वहिनी, कुठे हरवलात?" यतीन चमचा तिच्या डोळ्यांसमोर हलवत म्हणाला. "पुढच्या महिन्यात इथिओपिया. एकाच मोठ्या ताटात सगळ्यांनी हातानं खायचं. उष्टंबिष्टं चालेल ना?"

"हिला चालेल," शलाका म्हणाली, "तुझंच कठीण आहे. तू सगळ्यांच्या वाटचं संपवशील."

"मी अन्नाचा मान राखतो."

"मान राखतोस की मान मुरगळतोस?"

सगळे हसले, मंजूषाही हसली. खिडकीबाहेर जूनची ती न संपणारी संध्याकाळ होती, आठ वाजत आले तरी ऊन, गल्लीभर फुटबॉलसाठी लावलेल्या नारिंगी पताका, सायकलवरून जाणाऱ्या मुली. आणि मग शलाका, पाणी पिता पिता, अगदी सहज, म्हणजे हवापाण्याबद्दल बोलावं तशी म्हणाली, "अगं, ती मालिनी आहे ना, रोटीवाली, तुझ्या डच क्लासच्या बाजूची? काल गेले होते मी. तिला माणूस हवाय मदतीला. म्हणे एका इंडियन मुलीला विचारलं होतं, पण तिला नको होतं. आता कोणी पोलिश मुलगी ठरवतेय, सोमवारपासून. मला वाटलं, तुला तरी आधी विचारायचं तिनं."

मंजूषाला एकदम ऐकू येईनासं झालं. पोहताना पाण्याखाली गेल्यावर होतं तसं. तिला नको होतं! म्हणजे मालिनीच्या तोंडी ते असं झालं होतं, इतकं सरळ, इतकं संपलेलं.

ही मालिनी सुरिनामची. तिचे पणजोबा कधीतरी बिहारकडून बोटीत बसून तिकडे ऊस तोडायला गेलेले, ती स्वतः लहानपणी आईवडिलांबरोबर इकडे आलेली, बोलायची डच, पण मंजूषाशी सिनेमांतून उचललेलं हिंदी. कुंकू लावायची, काउंटरवर लक्ष्मीचा फोटो, आणि तिच्याकडे 'बारा' नावाचा जो पदार्थ मिळायचा तो म्हणजे आपला वडाच की, जरा फुगलेला. दर बुधवारी क्लास सुटला की मंजूषा तिथे जायची. एका बुधवारी दुकानात ही गर्दी, मालिनीची मदतनीस आलेली नाही, आणि डाळीची भरड भरलेली ती मोठी रोटी लाटताना मालिनीच्या हातून सारखी फुटत होती. मंजूषा बघत होती. बघवेना. शेवटी काउंटरच्या आत गेली, हात धुतले आणि लाटायलाच लागली. पुरणपोळी लाटणाऱ्या हाताला ते काय जड! कडेनं लाटायचं, मधे दाबायचं नाही, पीठ फिरतं ठेवायचं. एकामागून एक, न फुटता. तव्याची धग, पिठाचा वास, बाहेर डच पोरं रांगेत, आणि मंजूषाला दीड वर्षात पहिल्यांदा असं वाटलं की आपण नुसत्या कोणाच्या तरी बरोबर आलेल्या नाही, आपण आहोत. गर्दी ओसरल्यावर मालिनी कपाळाचा घाम पुसत म्हणाली, "मेरे यहाँ काम करोगी? रोज?"

आणि मंजूषाचं तोंड, तिला न विचारता, म्हणालं, "अरे नहीं नहीं, मुझसे कहाँ होगा."

मालिनी म्हणाली, "ओके."

आणि तवा पुसायला लागली. मंजूषा उभी राहिली. ओट्यावरचं सांडलेलं पीठ गोळा करत राहिली, उगाच, हात दोनदा धुतले, की आता विचारेल, आता म्हणेल, अरे ऐसे कैसे. तिचा चेहरा, नाव, देवाचा फोटो, सगळं तर आपल्यातलं होतं ना! पण मालिनीनं तिला चार वडे कागदी पिशवीत घालून दिले, थँक यू म्हणाली, आणि पुढच्या बुधवारी दुकानाच्या काचेवर मदतनीस पाहिजे असा कागद चिकटलेला होता. मंजूषा त्या दिवशी आत गेलीच नाही. रुसली होती. कोणावर, कशासाठी, मालिनीला पत्ताही नव्हता.

"मला विचारलं होतं," मंजूषा टेबलाकडे बघत म्हणाली.

"काय?"

"ती इंडियन मुलगी म्हणजे मी."

यतीनचा चमचा थांबला. विनयनं मान वळवली. "तू बोलली नाहीस? आणि तू नको म्हणालीस? का गं? घरी कंटाळतेस म्हणतेस ना?"

"पहिल्यांदा नको म्हटलं."

"मग?"

"मग काय, तिनं परत विचारलंच नाही!"

आणि यतीन जो फुटला! टेबलावर हात आपटून हसला, शलाकाही तोंडावर रुमाल धरून, आणि मंजूषाला स्वतःलाही हसू आलं, हसता हसता डोळ्यात पाणी आलं, आणि ते पाणी मग हसण्याचं राहिलं नाही. सगळ्यात आधी शलाकाला कळलं. तिनं यतीनच्या दंडावर चापट मारली. "गप रे. अगं वेडे, इथे माझ्या मुलाखतीत विचारलं, तुम्ही टीम सांभाळू शकाल का, मी म्हटलं, तसं सांगता येणार नाही पण प्रयत्न करीन. त्यांनी लिहून घेतलं, सांगता येत नाही. दोन वर्षं गेली ते पुसायला."

विनय मात्र हसत नव्हता. खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "थांब, तिचं दुकान नऊपर्यंत उघडं असतं ना? मी जातो आणि बोलतो तिच्याशी."

"नको."

"अगं, दोन मिनिटांचं काम. सांगतो की आमच्यात असंच बोलतात, तिला करायचंय."

"नको विनय."

"नको काय! तुला लाज वाटते ना, मी बोलतो ना. तू इथे बस, आइस्क्रीम मागव, मी आलोच."

किती दिवसांनी! किती दिवसांनी कोणीतरी तिला तिसऱ्यांदा विचारत होतं. तो वाकला होता, तिच्या डोळ्यात बघत होता, त्या स्टेशनच्या बाकावर बघितलं होतं तसा, आणि मंजूषाला आतून असं विरघळल्यासारखं झालं, की हो म्हणावं, नुसतं या विचारण्यासाठी हो म्हणावं. तो जाईल, सगळं नीट करून येईल, आणि आपल्याला मागावं लागणार नाही. तिला बाबा दिसले, ताट घेऊन वाकलेले. बाबांनी या क्षणी तिच्याकडे बघितलं असतं तर कोणता नको ओळखला असता? तिला स्वतःला तरी ओळखता येत होता का? आणि मग तिच्या लक्षात आलं, चिडच आली तिला, की बाबा जिलबी वाढत होते. जिलबी! पानावर पडली काय, नाही पडली काय, माणूस घरी गेला की संपलं. आणि आपण तेवढ्याच नकोवर नवरा, देश, नोकरी सगळं तोलत बसलो.

"नको," ती म्हणाली. "खरंच नको. मी जाते."

"मी येतो बरोबर."

"बाहेर थांब हवं तर."

मालिनीचं दुकान दोन गल्ल्या सोडून. चौकातल्या मोठ्या चर्चला वळसा घालताना मंजूषा जवळजवळ पळतच होती, मागून तिघं येत होते, यतीन बिल देऊन धापा टाकत. तिनं वाक्य जुळवत आणलं होतं, मैं सोच रही थी कि अगर आपको, वगैरे, पण दार ढकलून आत गेली, तेलाचा आणि मसाल्याचा वास आला, मालिनीनं वर बघितलं, आणि सगळं जुळवलेलं कुठल्या कुठे गेलं.

"मुझे काम करना है," मंजूषा म्हणाली. "आपके यहाँ."

आपला आवाज तिला मोठा वाटला, उघडा वाटला, भर पंगतीत उठून स्वतःच्या हातानं ताटातलं घ्यावं तसा. कान तापले.

मालिनी गोंधळली. "लेकिन तूने तो 'नहीं' बोला था."

"हाँ. बोला था."

"तो करना था तो नहीं क्यों बोला?"

तिच्या प्रश्नात राग नव्हता, टोमणा नव्हता, तिला खरंच कळलं नव्हतं. मंजूषा सांगायला लागली, हमारे यहाँ, पहली बार में, मतलब, आणि थांबली. कुठून सांगायचं? लक्ष्मीच्या फोटोखाली उभ्या असलेल्या या बाईच्या घरातून ते तीनदा विचारणं कुठल्या बोटीवर सांडलं होतं, की कधी नव्हतंच, कोण जाणे. "गलती हो गयी," ती म्हणाली.

मालिनीनं मान हलवली. "मंडे टू फ्रायडे मैंने उस लड़की को बोल दिया. अब उसको ना कैसे बोलूँ?"

"हाँ," मंजूषा म्हणाली. आणि नाही म्हटलं तरी वाट बघितली, जुन्या सवयीनं, की ही विरघळेल, म्हणेल बरं बघते. मालिनी विरघळली नाही. तिनं झारा धुतला, नळ बंद केला, आणि मग दुसरंच बोलली.

"सॅटरडे है. पूरा दिन, रात तक. सॅटरडे को सबसे ज़्यादा गर्दी. हर सॅटरडे, छुट्टी नहीं. करेगी?"

काचेबाहेर तिघं उभे होते. यतीन काहीतरी हातवारे करत सांगत होता, बहुतेक इथिओपियाचं ताट केवढं असतं ते, शलाका त्याला हाणत होती, विनय आत बघत होता. थायलंड, ग्रीस, तो भाजलेला बटाटा, टेबलाखाली विनयचा पायाला लागणारा पाय, हसून हसून दुखणारं पोट. मंजूषाला ते सगळं काचेतून दिसलं, इतकं जवळ आणि आत्ताच जुनं झाल्यासारखं. दर शनिवार. विचार करून सांगते, असं तोंडाशी आलं. अगदी ओठांपर्यंत.

"हो," ती मराठीतच म्हणाली.

मालिनीला ते बरोबर कळलं. "पुढच्या शनिवारी नऊ वाजता ये," असं तिनं डचमध्ये सांगितलं आणि पुन्हा कढईकडे वळली.

बाहेर आल्यावर तिनं सांगितलं. शलाकानं मिठी मारली. यतीन आधी आनंदानं ओरडला आणि मग त्याचा चेहरा हळूहळू पडला. "दर शनिवार? म्हणजे आपले देश? वहिनी, असं नाही हां. महिन्यातला एक शनिवार सुट्टी मागा."

"नाही मिळत."

"अहो, मागून तर बघा! रविवारी जाऊ मग. पण रविवारी अर्धी दुकानं बंद. एखादा शनिवार बरं नाही म्हणून सांगा. चला ना हो, तुमच्याशिवाय काय मजा?"

तो बोलत राहिला आणि मंजूषा ऐकत राहिली, प्रत्येक शब्द, आधाशासारखी. मग विनयनं विचारलं, "इथिओपियाला नाही यायचं मग?"

"नाही. तुम्ही तिघं जा."

त्यानं बोलायला तोंड उघडलं. आणखी एकदा विचारणार होता तो, तिला दिसलं ते. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि थांबली. आत्ताही, इतकं सगळं होऊनही, तिला वाटत होतं, विचार ना.

विनयनं तोंड मिटलं. "बरं," तो म्हणाला, आणि तिचा हात, अजून पिठाचा नसलेला, हातात घेऊन सायकली लावल्या होत्या तिकडे चालायला लागला.